गोधडीची पाठ

घरी पाहुणा आला म्हणजे फडताळातली चांगली गोधडी बाहेर निघते. ती उलगडली की सर्वांची दृष्टी तिच्या दर्शनी बाजूकडे जाते. रंगीबेरंगी ठिगळांची मांडणी, मधला चौक, कडेने फिरलेली त्रिकोणांची ओळ यांचे कौतुक होते. गोधडी उलटी करून तिची पाठ पाहावी असे मात्र कोणाच्या मनात येत नाही. रात्री दिवा मालवला की चित्र पालटते. ती सारी नक्षी अंधारात आढ्याकडे तोंड करून राहते, आणि निजणाऱ्याच्या अंगाला पहाटेपर्यंत लागून असते ती पाठच. ऊब मिळाली की नाही, घाम टिपला गेला की नाही, कापड बोचले की मऊ लागले, या सर्वांचा निर्णय ही न पाहिलेली बाजू करते. शिवाय हजारो टाक्यांची ओढ तिलाच सोसावी लागते, कारण वरच्या ठिगळांना आणि मधल्या थरांना धरून ठेवणारे अखंड कापड काय ते तेवढेच असते. अशा या पाठीला, म्हणजे गोधडीच्या अस्तराला, कोणते कापड निवडावे, हा या भाषणाचा विषय आहे.

हा विषय बुऱ्हाणपूरच्या संदर्भात मांडणे उचित ठरेल. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात आहे. २००३ साली खंडवा जिल्ह्यापासून वेगळे होऊन ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाणही झाले. पण खानदेशाच्या फारुकी राजांची ही राजधानी, आणि खुलदाबादचे संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावावरून तिला नाव मिळालेले. राज्याची सीमा मध्ये आली तरी रावेर-जळगावकडचे सोयरसंबंध तुटले नाहीत, आणि इथल्या अनेक घरांत मराठी बोलली जाते. कापड हा तर या गावाचा जुना श्वास. सतराव्या शतकात हिंदुस्थानात वारंवार आलेला फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये याने बुऱ्हाणपूरच्या पारदर्शक मलमलीची नोंद करून ठेवली आहे. इराण, तुर्कस्थान, रशिया, पोलंड, अरबस्थान आणि कैरोपर्यंत ती जात असे. फुले उमटवलेल्या या तलम वस्त्रांचे बुरखे आणि ओढण्या होत, आणि पलंगावरची आच्छादनेही होत, असे तो सांगतो. पुढे कलाबतू आणि किनखाप यांनी हे नाव राखले. आज यंत्रमागांच्या खटखटीने गजबजलेल्या या शहरात मार्किन, केंब्रिक, धोतरे आणि शिंप्याला लागणारे आतल्या अस्तराचे कापड निघते. एके काळी राजस्त्रियांच्या मस्तकावर झळकणारे वस्त्र विणणारे गाव आज कोटाच्या कॉलरच्या आत दडणारे कापड विणते, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आतले कापड कसे असावे याचे ज्ञान अशा गावाजवळ असावयाचेच.

आता प्रथम हे पाहू की, हा प्रश्न मुळात पूर्वी पडत का नसे. आपल्याकडे पांघरुणांना नावे पुष्कळ. कोणी गोधडी म्हणतो, कोणी वाकळ. कापूस भरला की दुलई किंवा रजई झाली, तान्ह्या मुलाचे असले तर ते दुपटे. यांपैकी गोधडी, वाकळ आणि दुपटे यांची पाठ बहुधा एकाच ठिकाणाहून येई. ते ठिकाण म्हणजे घरातल्या बाईचे जुने नऊवारी लुगडे. आठ-दहा वर्षे नेसून, दगडावर धुऊन, उन्हात वाळवून त्या सुताची सगळी ताठरता गेलेली असे. जे आटावयाचे ते आटून चुकलेले, जो रंग जावयाचा तो नदीला वाहून गेलेला. राहिलेले कापड मऊ, सच्छिद्र आणि सुईला सहज वाट देणारे. नऊ वार लांबीतून बेताच्या गोधडीच्या दोन्ही बाजू निघत. आजीच्या लुगड्याचे दुपटे नातवाला करण्याची जी चाल पडली, तिच्यात माया होती आणि शहाणपणही होते. ज्या कापडाची परीक्षा दहा वर्षे घराने स्वतः घेतली, त्याहून विश्वासाचे कापड बाळाच्या नाजूक कातडीसाठी दुसरे कुठून आणावे?

हा साठा आता आटत चालला आहे. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा शोधून काढला, आणि पुढच्या काही दशकांत तो टेरिलीन, टेरिकॉट अशा नावांनी आपल्या घरांत शिरला. हे कापड लवकर वाळते, चुरगळत नाही, रंग धरून ठेवते आणि स्वस्त पडते. कष्टकरी बाईने ते पसंत केले यात तिचा दोष काढता येणार नाही. परिणाम एवढा झाला की, लुगड्यांच्या गाठोड्यात आज सुती वस्त्रे थोडी आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या फार. गोधडी शिवणारीला पाठीचे कापड बाजारातून विकत आणावे लागते. जे काम पूर्वी काळ करून देत असे, ते आता निवड करणाऱ्याच्या बुद्धीने करावयाचे आहे. ही निवड चुकली तर तीन-चार महिन्यांच्या दुपारी वाया जातात, कारण पाठ फाटली की वरची नक्षी कितीही सुंदर असो, गोधडी सुटली.

समजा, बुऱ्हाणपुरातील राजपुऱ्याच्या एका घरातील सासू आणि सून अशा खरेदीला निघाल्या आहेत. घरात पहिले नातवंड येऊ घातले आहे. ठिगळे जमवून झाली, वरची बाजू जुळवून झाली, आता पाठ तेवढी आणावयाची. सूनबाईंचे लक्ष साहजिकच सॅटिनच्या गुळगुळीत, चमकदार गठ्ठ्याकडे जाते. “आई, हे बघा किती मऊ आहे,” ती म्हणते. सासूबाई कापड हातात घेतात, गालाला लावतात आणि विचारतात, “मऊ आहे खरे, पण सुती आहे का?” दुकानदार प्रामाणिक असला तर सांगतो, “काकी, सुती नाही, पॉलिएस्टर आहे. पण टिकेल जन्मभर.”

या एका उत्तरात सारा विषय सामावलेला आहे. टिकेल हे खरेच आहे. पण पांघरूण टिकण्याइतकेच ते अंगाला मानवणेही महत्त्वाचे. सुती धाग्याला हवेतील ओल शोषून घेण्याची शक्ती असते. साधारण हवेत १०० ग्रॅम कापूस सात-आठ ग्रॅम ओल सहज सामावून घेतो, तर तेवढेच पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमदेखील घेत नाही. तापीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, आणि हिवाळ्यातही निजलेल्या माणसाला घाम येतोच. तो घाम सूत टिपून घेते व हळूहळू हवेला देऊन टाकते. कृत्रिम धाग्यावर तो अंग आणि कापड यांच्यामध्येच राहतो. मूल रात्री रडत उठते, आई ते भुकेले समजते, आणि खरे कारण पाठीखालच्या दमट, चिकट कापडात असते. दुसरी गोष्ट विस्तवाची. ज्या घरात थंडीत शेगडी पेटवली जाते, तेथे हे ध्यानात ठेवावयास हवे. ठिणगी पडली तर सुती कापडही पेटते, त्या बाबतीत ते निर्धोक आहे असे नाही. पण कृत्रिम धागा वितळतो आणि वितळलेला धागा कातडीला चिकटून खोल भाजतो. तेव्हा बाळाच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या पांघरुणाला सुतीच पाठ असावी, हा पहिला नियम.

मग दुकानदार मलमल दाखवतो. बुऱ्हाणपुरात मलमलीचे नाव निघाले की मान आदरानेच लवावयाची. परंतु विरळ विणीच्या मलमलीची पाठ सगळ्याच गोधड्यांना चालत नाही. आत जुन्या कापडाचे थर असतील आणि ते दुपटे असेल, तर दुहेरी मलमल फार चांगली. आत पिंजलेला कापूस असेल तर मात्र विणीच्या फटींतून त्याचे तंतू बाहेर येऊ लागतात, काही धुण्यांनंतर पाठीवर पांढरी लव उभी राहते आणि आतला कापूस ठिकठिकाणी गोळा होतो. कापसाची दुलई करावयाची तर पाठ घट्ट विणीची हवी.

याच्या उलट टोकाला पॉपलिन आणि चादरीचे दाट कापड. हे कापड देखणे, पक्के, आणि यंत्रावर शिवावयाचे असेल तर हरकत घेण्यासारखे काही नाही. पण धावदोऱ्याने हाती भरावयाच्या गोधडीला ते सुईचा शत्रू ठरते. वरची ठिगळे, मधले तीन-चार थर आणि खाली हे दाट कापड, एवढ्यातून सुई पार करताना बोटे सोलवटतात, टाका लांब पडू लागतो, आणि थकलेला हात घाई करतो. गोधडीचे आयुष्य टाक्याच्या सारखेपणावर असते, म्हणून ज्या कापडातून सुई अडखळत जाते ते पाठीला घेऊ नये. दुकानातच दुकानदाराच्या परवानगीने कापडाच्या कोपऱ्यावर चार घड्या घालून सुई टोचून पाहावी. ती बेताच्या जोराने आरपार जावी आणि काढल्यावर छिद्र बुजावे.

राहता राहिले मार्किन आणि केंब्रिक. मार्किन म्हणजे मध्यम सुताचे, साध्या विणीचे, न धुतलेले कोरे कापड. त्याचा रंग पिवळसर, अंगात सरकीचे बारीक काळे कण, आणि प्रथमदर्शनी ते कोणाला आवडेल असे नाही. केंब्रिक त्याहून बारीक सुताचे, दाट आणि धुवट. केंब्रिक दुलईला व पाहुण्यांच्या पांघरुणाला शोभते, तर मार्किन रोजच्या वापराच्या गोधडीला. आटवून आणि तीन-चार वेळा धुऊन घेतलेले मार्किन जुन्या लुगड्याच्या जितके जवळ जाते, तितके बाजारातले दुसरे नवे कापड क्वचितच जात असेल. बुऱ्हाणपूरच्या बाईला हे कापड दूर शोधावे लागत नाही. ते तिच्या गावच्या मागावरच निघते.

कापड कोणतेही असो, ते घेण्यापूर्वी हाताने, डोळ्याने आणि पाण्याने तपासावे. कापडाचा कोपरा दोन्ही तळव्यांत धरून जोराने चोळावा. पांढरी भुकटी झडली तर ती खळ समजावी. मागावर चढवताना उभ्या धाग्याला खळ द्यावीच लागते, तो दोष नव्हे. पण खळीच्या जाडीला कापडाची जाडी समजून जो पैसे मोजतो, तो पहिल्या धुण्यात फसतो. त्यानंतर कापड उजेडासमोर धरावे. उभे-आडवे धागे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. एके ठिकाणी दाट व एके ठिकाणी विरळ अशी वीण असली तर विरळ जागी टाका कापड कापू लागेल. मग त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. धुतलेले सूत तो पिऊन टाकते, कृत्रिम धाग्यावर तो बराच वेळ तसाच बसून राहतो. कोऱ्या मार्किनवरही थेंब प्रथम थांबतो, कारण त्यात खळ आणि कापसाची नैसर्गिक मेणचट असते. म्हणून संशय राहिला तर एक धागा ओढून घरी, मोकळ्या जागी, चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुताला जळत्या कागदाचा वास येतो व मऊ राख पडते, पॉलिएस्टरची काळी, कठीण गुठळी होते. राखेतच कठीण कण लागले तर ते मिश्र कापड होय.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि हीच घाईत सर्वांत जास्त विसरली जाते. नवे कापड आटवल्यावाचून जुन्याला जोडू नये. ख्रिस्ताच्या एका दृष्टांतात हेच उदाहरण घेतलेले आहे. जुन्या वस्त्राला न आटवलेल्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही, कारण ते आटून जुन्या कापडाला ओढते आणि फाटलेले अधिक फाटते, असा त्याचा आशय. तो बोध धर्मजीवनासाठी असला, तरी त्यातला दाखला ज्या घरांतून आला, त्या घरांतील बायकांना कापडाचा हा स्वभाव दोन हजार वर्षांपूर्वी पुरता ठाऊक होता हे उघड आहे. गोधडीत तर ही आपत्ती दुप्पट होते. वरची ठिगळे आणि मधले थर जुने, आटून स्थिर झालेले. पाठ मात्र नवी. साधे कोरे सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत १०० सेंटिमीटरला तीन ते पाच सेंटिमीटर आटते, आणि विरळ विणीचे त्याहूनही अधिक. पाठ आटली, वरची बाजू आटली नाही, की गोधडी सुरकुतते, कडा आत वळतात आणि धावदोरा जागोजाग तटातट तुटतो.

म्हणून पाठीचे कापड रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे. सकाळी पाणी गढूळ झालेले दिसेल, ती खळ निघाली. मग साबणाने धुऊन, न पिळता, कडक उन्हात वाळवावे, आणि हे निदान दोनदा करावे. रंगीत कापड असेल तर तांबडा, गडद निळा आणि काळा या रंगांविषयी विशेष सावध असावे. ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून पाहावा. रुमालाला रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळे धूत राहावे, आणि तरीही रंग जात राहिला तर ते कापड पाठीला घेऊच नये. एका धुण्यात पाठीचा तांबडा रंग वरच्या पांढऱ्या ठिगळांत उतरला, तर त्यावर उपाय नाही.

आता मापाचा हिशेब. गोधडी भरताना प्रत्येक टाका कापड थोडे थोडे खात जातो, आणि थर किंचित सरकतात. यासाठी पाठ वरच्या बाजूपेक्षा चारही अंगांनी तीन इंच तरी मोठी असावी. तयार गोधडी ६० इंच रुंद आणि ८४ इंच लांब हवी असेल, तर पाठ ६६ इंच रुंद व ९० इंच लांब घ्यावयाची. कापडाचा पन्हा ३६ इंच असेल तर दोन लांब पाट जोडावे लागतील. १०० ला पाच या प्रमाणात आटणे धरले, तर ९० इंच उरण्यासाठी प्रत्येक पाट ९५ इंचांचा हवा. दोन पाटांचे १९० इंच, म्हणजे पाच मीटरला थोडे कमी. तेव्हा पाच मीटर कापड मागावे. पन्हाही आटून ३४ इंचांच्या आसपास येईल, दोन पाट जोडून व शिवणीचा इंचभर वजा जाऊन ६७ इंच उरतील, ते पुरेसे आहेत. मोठ्या पन्ह्याचे कापड मिळाले तर जोड टळतो. जोड द्यावाच लागला तर उभा धागा नेहमी गोधडीच्या लांबीकडे ठेवावा. कापडाची कड दाट विणलेली असते आणि बाकीच्या अंगाहून वेगळी आटते, म्हणून जोडाच्या जागची कड कापून टाकावी. उरलेले तीन इंच शेवटी वर वळवून घेतले की गोधडीला पाठीच्याच कापडाची किनार मिळते, आणि झिजणारी कड दुहेरी होते.

एवढे झाल्यावर पाठ जमिनीवर पसरून, चारही कडांवर वजने ठेवून ती सुरकुतीविरहित करावी, मग थर मांडून लांब कच्च्या टाक्यांनी सगळे एकत्र बांधावे. पाठ खाली असते, ती शिवणारीला दिसत नाही. म्हणून तिच्यावरील चुणी टाक्यात अडकून बसण्याचा धोका सर्वांत मोठा, आणि ती कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

गोधडी कोणासाठी, हेही पाहिले पाहिजे. तान्ह्या मुलाला फिक्या रंगाची, साधी पाठ द्यावी. त्यावर मुंगी, किडा किंवा ओल चटकन दिसते. जरीचे काठ असलेली साडी पाठीला वापरावयाची झाल्यास काठ उसवून काढावेत, कारण जरीची तार अंगाला ओरखडते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीखाली जाणाऱ्या गोधडीला जोड, गाठ किंवा जाड शिवण मधोमध असू नये. जोड कडेला ढकलण्यासाठी एक पाट मध्ये ठेवून दुसरा उभा चिरावा व दोन्ही बाजूंना लावावा. शाळकरी मुलांच्या रोजच्या पांघरुणाला बारीक छापाची, मळखाऊ पाठ सोयीची. छापामुळे टाक्यांचा वाकडेपणाही लपतो, ही नवशिक्या हाताला मिळणारी सवलत समजावी.

आपल्या घरातील ही कला जगातील दुसऱ्या घरांतही अशाच काटकसरीतून वाढली आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड भागात राहणारा सिद्दी समाज आफ्रिकी वंशाचा आहे आणि त्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. जुनी साडी खाली पाठ म्हणून पसरून, कडेपासून आत ठिगळे लावीत त्या मध्यापर्यंत येतात. पाठ आधी, नक्षी नंतर, हा त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत अमेरिकेतील शेतकरी स्त्रियांनी पिठाची आणि पशुखाद्याची सुती पोती उसवून, धुऊन, त्यांचे कापड आपल्या रजयांच्या पाठीला लावले. ही गोष्ट कळल्यावर पोती बनविणारे कारखानदार पोत्यांवर फुलांचे छाप काढू लागले. गरिबीने हाताला लावलेले कापड धुऊन-धुऊनच मऊ झाले, आणि मऊ झाले म्हणूनच ते पाठीला योग्य ठरले.

आपल्याकडे जाड्याभरड्या सुताच्या टिकाऊपणाचा एक दाखला अंबाजोगाईस आहे. दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले ‘पंचीकरण’ कागदावर न लिहिता एका लांबलचक पासोडीवर लिहिले. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यावयाचे जाड सुती वस्त्र. लिहिणारा गेला, त्याचा काळ गेला, आणि ते कापड शतके ओलांडून आपल्यापर्यंत पोचले. कापड साधे असले तरी वीण सारखी व सूत प्रामाणिक असले म्हणजे ते किती भार वाहू शकते, याचे हे उदाहरण होय.

शेवटी किमतीचा विचार. पाठ ही दिसत नाही म्हणून तिच्यावर पैसा वाचवावा, अशी प्रवृत्ती सर्वत्र आढळते. वरच्या बाजूला नवे, महाग कापड आणि खाली जे पदरात पडेल ते. हिशेब उलटा मांडला पाहिजे. वरची ठिगळे म्हणजे घरातले उरलेसुरले तुकडे. त्यातला एक झिजला तर त्याजागी दुसरा लावता येतो. पाठ बदलावयाची म्हणजे सारे टाके उसवावे लागतात. तेव्हा पिशवीत जे पैसे असतील त्यांचा मोठा वाटा पाठीवर खर्च करावा, आणि वरचे जुन्यावर भागवावे. हे कापड गावच्या मागावरचे असेल तर त्या पैशातील काही भाग आपल्याच गावातील कोणा विणकराच्या चुलीपर्यंत पोचतो, हाही विचार मनात असू द्यावा.

राजपुऱ्याच्या त्या सासू-सुनेने शेवटी मार्किन घेतले असे धरू. सूनबाईंचे मन थोडे खट्टू झाले असेल, कारण सॅटिनची चमक डोळ्यांतून लगेच जात नाही. पण दोनदा भिजवून, दोनदा उन्हात घालून कापड घडी करताना तिच्या हाताला फरक कळेल. पुढे ते मूल त्या गोधडीत निजेल, ती ओढून ताणील, तिच्यावर सांडील, आणि दर आठवड्याला ती धुतली जाईल. प्रत्येक धुण्याने वरची नक्षी थोडी फिकी होईल व पाठ थोडी अधिक मऊ होईल. दहा वर्षांनी त्या मार्किनला जुन्या लुगड्याची माया येईल, आणि घरात आणखी एखादे बाळ आले तर त्याच्या दुपट्यासाठी बाजारात जाण्याची गरज उरणार नाही.